गुरोने घासलेला हंडा

मी हाउगेच्या शेतावरचा तांब्याचा हंडा बोलतोय. भांड्यांनी फार बोलू नये हे मला कळतं. आपटलो तर वाजावं, उकळलो तर खदखदावं, एवढंच आमचं बोलणं. मीही आजवर तेवढंच बोललो. पण गेल्या शरदात या घरची म्हातारी सुन्नेवा गेली. एक्क्याण्णव वर्षांची होती, झोपेतच गेली, चेहऱ्यावर कसला त्रास नव्हता म्हणतात. ती होती तोवर मला तोंड उघडायची सोय नव्हती. आता आहे, आणि माझ्या पोटातलं सांगून टाकल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

मला बर्गन शहरातल्या एका तांबटाने ठोकून घडवलं. बारा घागरी पाणी सहज मावेल एवढं पोट, वर लोखंडाची कडी, आणि आतून कोरा. कल्हई नाही. हाउगेचा तेव्हाचा मालक मला होडीत घालून घरी न्यायला आला, तेव्हा तांबटाने त्याला बजावलं होतं, "गोड काढा यात दिवसभर उकळ, काही होणार नाही. पण आंबट यात राहू देऊ नकोस. काम झालं की घासायचा, सुकवायचा आणि पालथा घालायचा." मालकाने मान डोलावली आणि मला पाठीवर बांधून तो चढण चढला. एवढं साधं पथ्य होतं माझं.

हाउगेचं चूलघर राहत्या घरापासून वीस पावलांवर होतं. मधोमध उघडी चूल, वर धूर जायला भोक, आणि आढ्यातून लोंबणारी साखळी. त्या साखळीला मला अडकवायचे. वर्षातून तीन-चार वेळा माझ्यात बियरचा काढा उकळायचा: नाताळला, गवत कापणीला, आणि घरात बारसं, लग्न किंवा मयत असेल तेव्हा. जुनिपरच्या, म्हणजे एका वासाच्या काटेरी झुडपाच्या, फांद्या घातलेलं पाणी तापवायचं, ते मोड आणलेल्या जवावर ओतायचं, खाली निथळलेला गोड काढा पुन्हा माझ्यात घालून उकळायचा. मग लाकडी पिंपात थंड करून त्यात विरजण घालायचं. विरजण घालताना गडी मोठ्याने आरोळी ठोकायचा. आरोळी जेवढी जोरात तेवढी बियर कडक, असा समज होता. आन्वेदची आरोळी तर खाडीच्या पलीकडच्या काठावर ऐकू जायची.

आन्वेद हा मला आणणाऱ्याचा नातू. उंच, हाडाचा मोठा, देवळात पुढच्या बाकावर बसणारा माणूस. आणि गुरो त्याची बायको.

आता इथे माणसांची एक खोड सांगतो. बियर गडी करायचे आणि भांडी बायका घासायच्या. बियर चांगली झाली की गड्याची पाठ थोपटायची, आणि बिघडली की पहिला प्रश्न, हंडा कुणी घासला? शंभरावर वर्षं मी हे पाहिलंय.

गुरोसारखं मला कुणी घासलं नाही. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात तिने मला ताब्यात घेतलं. चीज काढून उरलेली आंबट निवळी, दोन मुठी मीठ, ओढ्यातली चाळून घेतलेली बारीक वाळू, आणि गवताचा घट्ट पिळा. घागरा खोचायची आणि मला आडवा करून कमरेपर्यंत माझ्यात शिरायची. आतून तिचं गुणगुणणं मला माझ्याच पोटातून ऐकू यायचं. घासून झालं की उकळत्या जुनिपरच्या पाण्याने तीनदा खंगाळायची, खाली मंद आच ठेवून शेवटचा थेंब उडेपर्यंत बसून राहायची, आणि मग बर्चच्या दोन ओंडक्यांवर मला पालथा घालायची. निवळी माझ्या अंगाला भाकरी भाजायला लागते तेवढा वेळसुद्धा ती राहू देत नसे. मी आंबटाने उजळतो आणि आंबटानेच हिरवा पडतो. हे तिच्या हाताला ठाऊक होतं.

शेवटी आन्वेदने यायचं, काठ उचलून हात आत घालायचा, बोट फिरवायचं आणि जिभेला लावायचं. ती रीतच होती. चव लागली नाही की हंडा स्वच्छ. तो म्हणायचा, "झकास." गुरो जाताना माझ्यावर दोन बोटं वाजवून जायची.

आमच्या शेताच्या वरच्या अंगाला एक टेकाड आहे. ज्याने हे शेत पहिल्यांदा झाडं तोडून मोकळं केलं तो त्याखाली राहतो, असं जुनी माणसं मानायची. नाव घ्यायचं नाही, टेकाडाखालचा म्हणायचं. नाताळची पहिली बियर त्याला द्यायची. आन्वेदला असल्या गोष्टींचं हसू यायचं. गोठ्याची भिंत बांधायला दगड कमी पडले तेव्हा त्याने सरळ टेकाडाची एक बाजू खणून दगड काढले. पाद्र्याने भर देवळात त्याचं कौतुक केलं.

त्यानंतरच्या दोन हिवाळ्यांत त्यांची दोन मुलं गेली. एक नऊ दिवसांचं, एक पाच आठवड्यांचं. आन्वेद टेकाडाबद्दल चकार शब्द बोलला नाही. पण गोठ्यात जाताना तो त्या भिंतीकडे बघेनासा झाला, हे चूलघराच्या दारातून मला दिसायचं.

तिसरी सुन्नेवा. नोव्हेंबरात झाली आणि तिसऱ्या आठवड्यातच दूध ओढेनाशी झाली. ओठ निळसर पडायचे. पाद्री घरी येऊन घाईने बाप्तिस्मा देऊन गेला. पण बाप्तिस्म्याची मेजवानी करायचीच असं गुरोने ठरवलं होतं. म्हणाली, आधीच्या दोघांच्या मेजवानीची बियर आपण मयताला प्यायलो, हिची मी हिच्या नावानेच पाजणार.

गुरुवारी तिने मला घासलं. बाळंतपणातून उठलेली बाई, उभी राहिली की डोळ्यांपुढे अंधारी यायची, तरी शेजारच्या मार्ताला तिने पिळ्याला हात लावू दिला नाही. पुरतं तासभर घासलं. सुकवलं, पालथं घातलं. आन्वेदने बोट फिरवून चाटलं आणि म्हणाला, "झकास." हे मी डोळ्यांनी पाहिलंय, अंगाने अनुभवलंय. गुरुवारी दुपारी मी आतून जर्दाळूसारखा गुलाबी होतो.

गुरो मुलीला पाजायला घरात गेली, आणि थोड्या वेळाने आन्वेद एकटा परत आला. हातात बादली होती. बादलीत गेल्या नाताळची उरलेली बियर होती, व्हिनेगरसारखी आंबट झालेली. घरात दुसरी नव्हतीच. त्याने मला सुलटा केला आणि ती सगळी माझ्यात ओतली. मग टोपी काढली. एवढा थोरला माणूस चुलीच्या राखेत गुडघ्यावर बसला.

"दगड मी काढले," तो म्हणाला. "पोरीने नाही काढले. हे घे, आणि तिला राहू दे."

टेकाडाखालच्याला वाडग्यातून दिलेलं चालत नाही. घर ज्या भांड्यात शिजवतं त्याच भांड्यातून तो पितो. तीन दिवस द्यायचं, मग टेकाडावर नेऊन ओतायचं. मुलाच्या नावाची बियर शिजेपर्यंत ते भांडं धुवायचं नाही. आणि सगळ्यांत मोठी अट म्हणजे कुणाला सांगायचं नाही. दिलेलं बोलून दाखवलं तर ते परत मागितल्यासारखं होतं, आणि मग तोही आपलं परत मागतो. आन्वेदला हे लहानपणी आजोबांनी शिकवलं होतं, आणि एवढी वर्षं हसूनही तो त्यातली एक अट विसरला नव्हता.

त्याने झाकण ठेवलं, वर जुनं घोंगडं टाकलं. आणि माझ्या पोटात ते आंबट बसलं.

आन्वेदला दोष देताना मला नेहमी थांबावं लागतं. त्याने आयुष्यात कधी हंडा घासला नव्हता. आंबटाने तांब्यावर हिरवा जंगाल, तो विषारी गंज, किती लवकर चढतो हे त्याला कोण सांगणार? ते बायकांच्या हाताला माहीत. तीन दिवस मी ओरडत होतो म्हटलं तरी चालेल, पण भरलेलं भांडं वाजतही नाही. आंबट आणि झाकणाखाली कोंडलेली त्याची वाफ माझं अंग खात होती, आणि मी तळापासून काठापर्यंत हिरवा पडत होतो. ते विष बाहेरून कुणी आणून टाकलं नव्हतं. माझ्याच अंगातून निघालं होतं. हे मी कुणावर ढकलू?

रविवारी देवळातून आल्यावर त्याने सगळं उपसून टेकाडावर नेऊन ओतलं आणि मला पुन्हा पालथा घातला. सोमवारी सकाळी, आमच्याकडे नोव्हेंबरात नऊपर्यंत काळोखच असतो, कंदिलाच्या उजेडात त्याने मला साखळीला अडकवलं आणि पाणी भरलं. आत बघितलं नाही. त्याला बघायची भीती वाटत असावी, पण ती जंगालाची नव्हती. गुरो आतल्या खोलीत मुलीला उराशी धरून होती. हंडा स्वच्छ आहे हे तिला माहीतच होतं, मग ती कशाला येते बघायला?

विरजण घालताना आन्वेदने आरोळी ठोकली. इतकी मोठी आरोळी त्याने आधी कधी ठोकली नव्हती, आणि पुढेही नाही.

तीन दिवसांनी शेजारी चव घ्यायला आले. दुसऱ्याच्या घरच्या बियरला नाव ठेवायचं नाही ही आमची रीत. कुणी म्हणालं जुनिपर जरा जास्त पडलंय, कुणी म्हणालं कडक झालीय बरं का. मार्ताचा सासरा एलेंद, ऐंशी पार केलेला म्हातारा, दोन वाडगी पिऊन तोंड पुसत म्हणाला, "जिभेला धरते. मेजवानीपर्यंत बसेल खाली."

ती खाली बसली नाही. रविवारी मेजवानीला आंबट सायीची लापशी होती, खारवलेलं मटण होतं, आणि सगळ्यांच्या हातात भरलेली वाडगी. दुपारपर्यंत सतरा माणसं अंगणात वाकून ओकत होती. बायका, मुलं, पाद्र्याचा भाऊसुद्धा. बहुतेकजण दोन दिवसांत सावरले. एलेंद सावरला नाही. चौथ्या दिवशी गेला. त्याचं हृदय आधीच अधू होतं, पण ते कोण लक्षात घेतं?

तालुक्याचा डॉक्टर आला तो थेट चूलघरात. काढा उपसल्यापासून मला कुणी घासलं नव्हतं, साखळीला तसाच झाकून ठेवला होता. त्याने घोंगडं काढलं, झाकण उचललं. काढ्याने खालचा जंगाल विरघळून नेला होता, पण काठाच्या जरा खाली बोटभर रुंद हिरवा पट्टा तसाच होता. डॉक्टरने त्यावरून बोट फिरवलं आणि उजेडात धरलं.

"हा कुणी घासला होता?"

गुरो दारात उभी होती, शालीत मुलगी. मागे मार्ता, आणखी चार-सहा माणसं.

"मी," गुरो म्हणाली. "गुरुवारी. लख्ख होता."

"हे लख्ख?"

गुरो पुढे आली. तिने तो पट्टा पाहिला आणि तिचा चेहरा असा झाला की मला अजून आठवतो. मग ती आन्वेदकडे वळली. "तू बोट फिरवून चाटलं होतंस. सांग यांना."

आन्वेदची नजर शालीकडे गेली. सुन्नेवाने त्याच सकाळी पहिल्यांदा पोटभर दूध ओढलं होतं. ओठांना रंग आला होता. ती डोळे मिटून चुटूचुटू काहीतरी चोखल्यासारखं करत होती.

"नीट आठवत नाही," आन्वेद म्हणाला. "अंधार होता."

त्याने आणखी काही बोलावं म्हणून गुरो थांबली होती. मग ती मुलीला घेऊन घरात गेली. तेव्हा साखळी तुटून मी चुलीत पडलो असतो तरी बरं झालं असतं.

त्या दिवसापासून तिचं नाव हिरवी गुरो पडलं. मार्तानेच पाडलं म्हणतात. सासरा गेल्याचं दुःख होतं, तेही मी समजू शकतो. पण नाव एकदा पडलं की ते पाडणाऱ्याच्याही हातात राहत नाही. दुकानात, देवळाच्या दारात, होडीवर, सगळीकडे हिरवी गुरो. आमच्या खोऱ्यात दुसऱ्याच्या घरी बियर असली की बायका मदतीला जातात. गुरोला बोलावणं येईनासं झालं. तिने पाठवलेल्या पातळ भाकऱ्या लोक आभार मानून ठेवून घ्यायचे आणि डुकरांना घालायचे. पूर्वी मला उसना न्यायला किती घरं यायची! आता एकही येईना.

गुरोने मला पुन्हा हात लावला नाही. चूलघरात यायची, सरपण घ्यायची, माझ्याकडे पाठ करून जायची. मला आन्वेदच घासू लागला. गडीमाणूस हंड्यात डोकं घालून बसलाय म्हणून लोक हसायचे. म्हणायचे, बायकोवर भरवसा उरला नाही बिचाऱ्याचा. तो ऐकून घ्यायचा आणि आणखी जोरात घासायचा. स्वच्छ झाल्यावरही घासत राहायचा. मी त्या वर्षांत पातळ झालो, काठाशी तर नखाने वाजवावं इतका. आरोळी मात्र बंद झाली. विरजण तो मुकाट्याने घालायचा.

आणि सुन्नेवा वाढत होती. गुटगुटीत, लाल गालांची. तिला खोकला झाला तरी आन्वेदचा चेहरा पांढरा पडायचा. मुलगी जिवंत होती म्हणजे टेकाडाखालच्याने शब्द पाळला होता. मग आन्वेदला आपला शब्द मोडता येत होता का? खरं बोलावं तर मुलगी जाते, गप्प राहावं तर बायको रोज थोडी थोडी जाते. मी भांडं आहे, मला यातलं खरंखोटं कळत नाही. पण दर वेळी घासताना तो एकदा तरी थांबायचा आणि माझ्या आत बघत बसायचा.

सुन्नेवा सात-आठ वर्षांची असेल. शाळेतून आली ती रडवेली. आई चूलघरात सरपण उचलत होती.

"आई, तू खरंच हंडा घासला नव्हतास?"

"घासला होता."

"मग सगळे का म्हणतात? थोडी तरी घाण राहिली असेल ना? चुकून?"

गुरोने लाकडं खाली ठेवली. "घासला होता मी, सुन्नेवा," एवढंच म्हणाली. पोरीने बापाला विचारलं तर बाप गोठ्यात निघून गेला. त्यानंतर सुन्नेवाने विचारलं नाही. तिला आई खोटं बोलते असं वाटत होतं की आई विसरली असं वाटत होतं, ते मला कधी कळलं नाही. पण तिला आईचं म्हणणं पटलं नव्हतं, हे तिच्या पाठीवरून दिसत होतं. गुरोला गाव काय म्हणतं त्यापेक्षा ते जास्त लागलं.

अशी चौतीस वर्षं गेली. सुन्नेवाचं लग्न झालं, जावई हाउगेवरच राहायला आला. आन्वेदच्या छातीने दगा दिला. त्या उन्हाळ्यात त्याला बाहेर बसायचं असायचं, म्हणून त्याची खुर्ची चूलघराच्या दारात टाकलेली असे. एका दुपारी गुरो त्याला चमच्याने लापशी भरवत होती. समोर अंगणात सुन्नेवा कपडे वाळत घालत होती. पोटात तिचं पहिलं मूल होतं.

आन्वेदने चमचा बाजूला सारला.

"तू चांगला घासला होतास," तो म्हणाला.

गुरोचा हात थांबला. "काय म्हणालास?"

"हंडा. गुरुवारी. मी बोट फिरवलं होतं. काही नव्हतं."

गुरोने चमचा वाडग्यात ठेवला. मग तिने अगदी हळू विचारलं, "मग काय झालं होतं?"

आन्वेदने मान हलवली. त्याची नजर अंगणात गेली, ओल्या चादरीमागे वाकलेल्या सुन्नेवावर, आणि तिथेच राहिली. गुरोनेही तिकडे बघितलं. मग तिने वर टेकाडाकडे बघितलं, आणि मग गोठ्याच्या भिंतीकडे. तीही याच खोऱ्यातली होती. आजोबांनी शिकवलेल्या गोष्टी तिच्याही घरात होत्या.

तिने वाडगं खाली ठेवलं. मला वाटलं, आता ओरडेल. ओरडायला हवं होतं तिने. पण तिने कमरेच्या फडक्याने त्याच्या हनुवटीवरची लापशी पुसली आणि उठून आत गेली. तीन दिवस ती त्याच्याशी बोलली नाही. चौथ्या दिवशी पुन्हा भरवायला लागली. त्याने आणखी काही सांगितलं नाही, तिनेही विचारलं नाही. सप्टेंबरात तो गेला.

मयताची बियर घरचीच लागते. त्यासाठीचं जव आन्वेदने स्वतःच बाजूला काढून ठेवलं होतं. जावयाला बियर करता येत होती, पण हंडा घासायचा कुणी? गुरो चूलघरात आली. हातात निवळीचा तांब्या, मीठ, वाळू. चौतीस वर्षांनी तिने घागरा खोचला.

सुन्नेवा दारात उभी राहून बघत होती. आईला तिने आयुष्यात पहिल्यांदा मला घासताना पाहिलं. गुरो पासष्टीची झाली होती, पण हात विसरले नव्हते. आधी तळ, मग पोट, मग काठाखालची ती बोटभर जागा. तिथे ती दोनदा गेली. निवळी लावली न लावली तोच धुतली. तीनदा खंगाळलं. मंद आच. सुन्नेवा नकळत जवळ येऊन बसली.

"तेव्हाही असाच घासला होतास?"

"असाच."

सुन्नेवाने काठावरून हात फिरवला. मग म्हणाली, "आई, मग हिरवं आलं कुठून?"

गुरोकडे आता उत्तर होतं. चौतीस वर्षं ज्यासाठी ती तडफडली ते एका वाक्यात सांगता येत होतं, आणि ऐकणारी तीच होती जिने ऐकावं म्हणून तिचा जीव तुटत होता. तिने सुन्नेवाच्या पोटाकडे बघितलं.

"कोण जाणे," ती म्हणाली. "तो ओंडका इकडे सरकव."

आणि मला पालथा घालून झाल्यावर तिने माझ्यावर दोन बोटं वाजवली.

चव घ्यायच्या दिवशी शेजारी आले. मयताला येणं भाग होतं. पण पिंपाभोवती सगळे उभे, वाडगं कुणी उचलेना. मार्ता म्हातारी झाली होती, काठी टेकून आली होती. ती कुणाकडे न बघता म्हणाली, "आधी घरच्यांनी घ्यावी. आमच्या सासऱ्याने एकदा घाई केली होती."

गुरो खाली बघत होती. तेव्हा सुन्नेवा पुढे झाली. तिने मोठं वाडगं घेतलं, काठोकाठ भरलं आणि सगळ्यांसमोर, न थांबता, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायली. मग वाडगं पालथं करून दाखवलं.

"हा हंडा माझ्या आईने घासलाय," ती म्हणाली.

तिला काहीच माहीत नव्हतं. तिने फक्त आईचे हात पाहिले होते. हळूहळू बाकीचे पुढे आले. मार्ता आली नाही. गुरो चूलघरात येऊन माझ्याजवळ बसली आणि रडली. आन्वेदसाठी रडली असं बाहेर सगळ्यांना वाटलं.

त्यानंतर ती नऊ वर्षं जगली. नाव काही पुसलं गेलं नाही. तिच्या मयताला आलेली तरुण पोरंसुद्धा एकमेकांना विचारत होती, हीच का ती हिरवी?

पुढचं थोडक्यात सांगतो. बाटलीतली बियर आली, विजेची चूल आली, चूलघराला कुलूप लागलं. सुन्नेवाच्या सुनेने मला शहरात नेऊन यंत्रावर चकाकून आणलं आणि बाहेरून-आतून वार्निश फासलं. गेली तीसेक वर्षं मी पाहुण्यांच्या खोलीत शेकोटीशेजारी बसलोय, पोटात सरपण घेऊन. पाहुणे माझ्यासोबत फोटो काढतात. सुन्नेवा अधूनमधून यायची, काठावरून हात फिरवायची, काठाखालच्या त्या जागेशी थांबायची. मग जायची. तिला कुणी काही सांगितलं नाही. मीही नाही. टेकाडाखालचा खरा की खोटा मला माहीत नाही. पण गुरोने स्वतःचं नाव देऊन जी शपथ पाळली ती मी कशी मोडणार होतो?

आता ती गेली आहे. आता परत मागायला काही उरलेलं नाही.

परवा सुन्नेवाची नात उन्नी आणि तिचा मित्र खोलीत आले होते. माझ्यातली लाकडं बाहेर काढली. पुन्हा माझ्यात बियर करायचा त्यांचा बेत आहे. गावच्या जत्रेत विकणार आहेत. मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग त्या मुलाने बाटलीवर लावायच्या चिठ्ठीचं चित्र दाखवलं. हिरव्या रंगाची म्हातारी, दात विचकणारी, आणि खाली नाव: हिरवी गुरो.

"अख्ख्या गावाला गोष्ट माहितीय," उन्नी हसत म्हणाली. "माझीच पणजी. लोक चवीसाठी नाही तर नावासाठी घेतील. फक्त आपण हंडा नीट घासू हां!"

उन्नी, पोरी, तू वाईट नाहीस. तुझे गाल सुन्नेवाचेच आहेत. बियर जरूर कर. आधी माझ्या अंगावरचं वार्निश सगळं उतरव, नाहीतर तेच काढ्यात उतरेल. यंत्र लावू नकोस, मी आता फार पातळ झालोय. निवळी, मीठ, बारीक वाळू घे, आणि हाताने घास. आंबट अंगावर राहू देऊ नकोस, भाकरी भाजेपर्यंतसुद्धा नाही. तीनदा खंगाळ. शेवटचा थेंब उडेपर्यंत माझ्याजवळ बस. मग पालथा घाल आणि दोन बोटं वाजव.

आणि चिठ्ठीवर दुसरं काहीही लिही, हे लिहू नकोस. ते नाव तिने तुझ्या आजीच्या जिवासाठी अंगावर घेतलं होतं, आणि ते खोटं होतं. त्या गुरुवारी मी लख्ख होतो. तिने मला चांगला घासला होता.